स्लॉट मोजा, पण आधी लेन मोजा

साध्या पीसीच्या पडद्यावर मराठी आली ती एका स्लॉटमधून. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि तिथून 'जिस्ट' नावाचं कार्ड बाहेर पडलं. त्यामागचं संशोधन आधीच्या काही वर्षांत आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं होतं, आणि त्या कामातले मोहन तांबे पुढे सी-डॅकमध्ये आले. तेव्हाचे पीसी डॉसवर चालत. त्यांना इंग्रजी अक्षरांपलीकडे फारसं काही समजत नसे. जोडाक्षर, वेलांटी, रफार हे सगळं त्यांच्या हिशेबाबाहेरचं होतं. पीसीचं झाकण उघडायचं, मदरबोर्डवरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये जिस्ट कार्ड बसवायचं आणि झाकण लावायचं. एवढं केलं की त्याच यंत्रावर, त्याच वर्डस्टारमध्ये आणि त्याच डीबेसमध्ये देवनागरी उमटायची. अक्षरं जुळवण्याचं काम कार्ड स्वतः करायचं, मूळ प्रोग्रॅमला त्याची खबरही नसायची. १९९१ साली 'इस्की' या भारतीय लिपींच्या संकेतप्रणालीला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, तोही याच कामाच्या ओघात. पुढे युनिकोड आलं, ऑपरेटिंग सिस्टिमलाच देवनागरी कळू लागली आणि कार्डाची गरज संपली.

आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हा त्यात देवनागरी दिसावी असा विचार कुणी केला असण्याची शक्यता नाही. पण त्या यंत्राच्या बोर्डवर पाच स्लॉट ठेवलेले होते, आणि त्यांची तांत्रिक माहिती आकृत्यांसह पुस्तकात छापून खुली केलेली होती. त्यामुळे त्या यंत्राशी काहीही संबंध नसलेले पुण्यातले अभियंते आपल्या भाषेसाठी त्यात काहीतरी नवं बसवू शकले. यंत्र विकत घेताना जी गरज माहीतच नव्हती, ती पुढे भागवायची सोय म्हणजे स्लॉट. मदरबोर्ड निवडताना प्रोसेसर, रॅम, आरजीबी दिवे यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि या सोयीकडे कुणी पाहत नाही. म्हणून हा लेख.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परांडा अशा गावांत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. इथे संगणक तीन वर्षांनी बदलण्यासाठी घेतला जात नाही. एकदा घेतला की तो आठ-दहा वर्षं चालवायचा असतो. आधी दाखले आणि डीटीपी, मग धंदा वाढला की फोटो, मग व्हिडिओ, मग थेट प्रक्षेपण. यंत्र तेच, काम बदलत जातं. सुटे भाग सोलापूर, लातूर किंवा पुण्याहून मागवावे लागतात, म्हणजे चुकीचा बोर्ड घेतला तर तो बदलून आणणं हा एका दिवसाचा बुडीत धंदा असतो. अशा ठिकाणी रिकाम्या स्लॉटची किंमत खरी कळते.

धावपट्टी एकच, कार्डं अनेक

जुन्या पीसीतले स्लॉट आयएसए प्रकारचे होते. १९९२ साली पीसीआय आलं. ते ३२ बिटांचं, ३३ मेगाहर्ट्‌झचं होतं आणि सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट माहिती वाहून नेत असे. त्या काळी ही गती मोठी होती. मोडेम कार्ड, साउंड कार्ड, लॅन कार्ड, टीव्ही ट्यूनर ही सगळी पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये बसायची. अडचण अशी की १३३ मेगाबाइटची ही क्षमता सगळ्या कार्डांनी मिळून वापरायची होती. एक कार्ड बोलत असेल तर बाकीच्यांनी थांबायचं.

याचा हिशेब आपल्या राज्यातच एका थोर यंत्रावर मांडता येतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. सुरुवातीला या अँटेनांचे सिग्नल एकत्र करणारं यंत्र खास घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटांचं होतं. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. बाजारात मिळणारी, पीसीआयवर चालणारी कार्डं आणि लिनक्सवर चालणारे ४८ संगणक घेऊन त्यांनी हेच काम सॉफ्टवेअरने करून दाखवलं. अँटेनाकडून येणारा सिग्नल आकड्यांत बदलणारी कार्डं संगणकाच्या स्लॉटमध्ये, आणि पुढचं सगळं गणित प्रोसेसरवर. २०१० साली त्यांनी त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ३३ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा एक सिग्नल पकडायचा तर सेकंदाला साडेसहा कोटींहून अधिक नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुन्याला एक बाइट धरली तर साध्या पीसीआय बसवर असे जेमतेम दोन सिग्नल मावतात. प्रत्येक अँटेनाकडून दोन सिग्नल येतात आणि अँटेना ३० आहेत! स्लॉटची क्षमता हा तिथे विज्ञानाचा प्रश्न होता.

नंतर दुर्बिणीचं नूतनीकरण झालं आणि सिग्नलची रुंदी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेली. आता एका सिग्नलला सेकंदाला ८० कोटी नमुने लागतात. हे काम आज तिथे ग्राफिक्स कार्डं करतात. तीच जात, जी मुलं गेमसाठी घेतात, फक्त शास्त्रीय गणनेसाठी घडवलेली. त्या प्रत्येक संगणकात ग्राफिक्स कार्डं, दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि संगणकांना आपसांत जोडणारं आणखी एक वेगवान कार्ड, एवढं सगळं शेजारी शेजारी बसतं, आणि प्रत्येकाला आपला वेग एकाच वेळी हवा असतो. पीसीआयवर हे शक्यच नव्हतं. ते पीसीआय एक्सप्रेसमुळे शक्य झालं.

लेन म्हणजे चार तारा

पीसीआय एक्सप्रेस २००३ साली आलं. इंटेलमधले अजय भट्ट हे त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक, शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. आपल्या रोजच्या यूएसबीमागेही त्यांचंच काम आहे.

नव्या पद्धतीत सामायिक बस राहिली नाही. प्रत्येक कार्डाला स्वतःचा स्वतंत्र जोड मिळतो. या जोडाचं एकक म्हणजे लेन. एक लेन म्हणजे चार तारा: दोन माहिती पाठवायला, दोन घ्यायला. स्लॉटवर 'एक्स-१', 'एक्स-४', 'एक्स-१६' लिहिलेलं असतं ते लेनची संख्या सांगतं. पहिल्या पिढीत एका लेनमधून एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट जात. दुसऱ्या पिढीत ५००, तिसरीत सुमारे ९८५ मेगाबाइट, चौथीत जवळपास दोन गिगाबाइट आणि २०१९ साली जाहीर झालेल्या पाचव्या पिढीत चारच्या आसपास. पिढीगणिक दुप्पट. पाचव्या पिढीच्या सोळा लेनच्या स्लॉटमधून एका दिशेला सेकंदाला सुमारे ६३ गिगाबाइट माहिती जाऊ शकते.

एवढा वेग असताना चिंता कसली, असं वाटेल. खरी गोम इथेच आहे. लेन बोर्डवर जन्माला येत नाहीत, त्या प्रोसेसरमधून येतात, आणि प्रोसेसर त्या मोजूनमापून देतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरमधून २० लेन निघतात: सोळा ग्राफिक्ससाठी, चार एका एसएसडीसाठी. एएमडीच्या एएम-५ सॉकेटवरच्या रायझन ७००० मालिकेतल्या नेहमीच्या प्रोसेसरकडे २८ असतात, त्यांतल्या चार चिपसेटला जोडण्यात जातात आणि २४ हाती उरतात. बोर्डवरचे बाकीचे स्लॉट, जादा एसएसडीच्या जागा, साटा, लॅन, यूएसबी हे सगळं चिपसेट नावाच्या दुसऱ्या चिपमार्फत चालतं. इंटेलचा बी-७६० चिपसेट चौथ्या पिढीच्या दहा आणि तिसऱ्या पिढीच्या चार लेन देतो. एएमडीचा बी-६५० चौथ्या पिढीच्या आठ आणि तिसऱ्या पिढीच्या चार. कागदावर हे भरपूर वाटतं. पण या दोन्ही चिपसेटना प्रोसेसरशी जोडणारा दुवा चौथ्या पिढीच्या चारच लेनचा आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे आठ गिगाबाइटचा. कालव्याला चाऱ्या कितीही काढल्या तरी वाटायला पाणी तेवढंच, जेवढं हेडला सोडलं. आणि सगळ्यांनी एकदम दारं उघडली की टेलचा शेतकरी कोरडा राहतो, हे मराठवाड्यातल्या वाचकाला निराळं सांगायला नको.

म्हणून दुकानात 'या बोर्डला चार स्लॉट आहेत' असं ऐकलं की लगेच समाधान मानू नये. चारांतल्या कोणत्या स्लॉटला किती लेन, कोणत्या पिढीच्या आणि कुठून, प्रोसेसरकडून की चिपसेटकडून, हे तीन प्रश्न विचारावेत. स्लॉटची लांबी यात फसवी असते. अनेक बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला पूर्ण सोळा लेनचा असतो, पण आतल्या तारा चारच, काही स्वस्त बोर्डांवर तर एकच. लांबी ठेवलेली असते ती मोठं कार्ड बसावं म्हणून. बोर्ड उलटा करून स्लॉटच्या मागचे झाळलेले बिंदू पाहिले की बऱ्याचदा लक्षात येतं: पुढच्या थोड्याच भागात झाळकाम दिसतं, मागचा भाग मोकळा.

चार कॅमेऱ्यांचं कीर्तन

आता एक प्रत्यक्ष गरज घेऊ. समजा, कळंबच्या एखाद्या फोटोग्राफरला सप्ताहातलं कीर्तन किंवा लग्न चार कॅमेऱ्यांनी थेट दाखवायचं आहे. खेड्यापाड्यांतून हे काम आता सर्रास होतं. त्याने चार एचडीएमआय जोडणारं एक कॅप्चर कार्ड घेतलं, एक मध्यम ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी, एक सिस्टिमसाठी आणि एक चित्रीकरणासाठी.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. बिंदूला दोन बाइट आणि सेकंदाला ५० चौकटी धरल्या तर एका कॅमेऱ्याचे सेकंदाला सुमारे २०७ मेगाबाइट झाले. चार कॅमेऱ्यांचे ८३०. अशी कॅप्चर कार्डं बहुधा दुसऱ्या पिढीच्या चार लेनची असतात, त्यांची क्षमता दोन हजार मेगाबाइट. म्हणजे कार्डात काही कमी नाही.

हेच कार्ड त्याने नव्याकोऱ्या बोर्डच्या अशा स्लॉटमध्ये बसवलं, जो लांबीला मोठा आहे पण आत चौथ्या पिढीची एकच लेन आहे. चौथ्या पिढीची एक लेन सेकंदाला दोन गिगाबाइट देते, आपल्याला ८३० मेगाबाइट हवेत, तेव्हा पुरेल असा हिशेब कुणीही करेल. प्रत्यक्षात पुरत नाही. यंत्र सुरू होताना कार्ड आणि स्लॉट एकमेकांशी बोलून ठरवतात की कोणत्या पिढीने आणि किती लेननी चालायचं. दोघांपैकी जी पिढी जुनी ती धरली जाते आणि लेनची संख्याही दोघांतली लहान असेल ती. कार्ड दुसऱ्या पिढीचं, स्लॉट एका लेनचा, म्हणजे दुसऱ्या पिढीची एक लेन: सेकंदाला ५०० मेगाबाइट. दोन कॅमेरे नीट चालतील, तिसरा लावला की चौकटी गळायला लागतील, आणि दोष कॅमेऱ्याला, केबलला, इंटरनेटला दिला जाईल. नव्या स्लॉटचा वेग जुन्या कार्डाला मिळत नाही, हा नियम पाठ असला तर असे कितीतरी त्रास टळतात.

याची उलट बाजू ग्राफिक्स कार्डांत दिसते. स्वस्त कार्डांना सोळा लेनचा आकार असला तरी आत कमी लेन असतात. २०२२ साली आलेलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चौथ्या पिढीच्या फक्त चार लेन वापरतं. नव्या बोर्डवर ते बरं चालतं. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर त्याचा दुवा निम्मा होतो आणि कार्डाची चार गिगाबाइटची मेमरी भरली की खेळ अडखळतात. जुनं यंत्र वाढवायचं म्हणून हेच कार्ड घेतलं जातं, आणि त्याला सर्वांत जास्त फटका जुन्या यंत्रावरच बसतो.

प्रोसेसरचीही अशीच खबरदारी घ्यायला हवी. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागू नये म्हणून अनेकजण एएमडीचा जी मालिकेतला प्रोसेसर घेतात. निर्णय चांगला आहे. पण रायझन ८७०० जी ग्राफिक्स स्लॉटला आठच लेन देतो आणि ८५०० जी तर चारच, त्याही चौथ्या पिढीच्या. बोर्ड तोच, स्लॉट तोच, खोक्यावरचा मजकूर तोच. फक्त प्रोसेसर बदलला की स्लॉट चौपटीने अरुंद होतो. पुढे कधी मोठं ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल त्याने हे आजच पाहून ठेवावं.

मॅन्युअलमधली बारीक टीप

लेन मर्यादित आणि ग्राहकाला सगळं हवं, म्हणून बोर्ड बनवणारे एकच लेन दोन ठिकाणी वाटून देतात. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत टीप असते: अमुक एम-डॉट-टू जागेत एसएसडी बसवली तर साटाचे दोन पोर्ट बंद होतील, किंवा खालचा स्लॉट चालणार नाही, किंवा वरचा स्लॉट सोळावरून आठ लेनवर येईल. यात फसवणूक नाही, सगळं छापलेलं असतं. पण ते वाचलं जातं दुसरी एसएसडी लावल्यावर जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाली की.

वरचा स्लॉट सोळावरून आठवर आल्याने बहुतेकांचं काही बिघडत नाही. चौथ्या पिढीच्या आठ लेन म्हणजे तिसऱ्या पिढीच्या सोळा, आणि मध्यम ग्राफिक्स कार्डाला त्या पुरून उरतात. म्हणून एकाच्या दोन करणारा, म्हणजे सोळा लेन आठ-आठ अशा दोन स्लॉटांत वाटणारा बोर्ड मला कामाच्या यंत्रासाठी फार मोलाचा वाटतो. दोन्ही स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले राहतात, चिपसेटच्या गर्दीत शिरावं लागत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी ही सोय झेड मालिकेच्या चिपसेटवर मिळते. बी-७६० आणि एच-६१० वर प्रोसेसरच्या सोळा लेन एकाच स्लॉटला बांधलेल्या असतात. झेड मालिकेच्याही प्रत्येक बोर्डवर ती असतेच असं नाही, तेव्हा तपशील बघूनच घ्यावा.

आकार, जाडी आणि वीज

लेनचं गणित जमलं तरी कार्ड प्रत्यक्ष बसलं पाहिजे. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डची मापं ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, त्यावर सात स्लॉटांची जागा असते. मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौरस, चार जागा. मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटरचा, एकच. दोन स्लॉटांमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर ठरलेलं आहे. आजची ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट जाडीची असतात, म्हणजे ती स्वतःच्या खालचे दोन स्लॉट झाकूनच टाकतात. मायक्रो-एटीएक्स बोर्डवर असं कार्ड बसलं की चारपैकी एक जागा उरते, आणि तीही पंख्याला अगदी चिकटून. आपल्याकडे सर्वांत जास्त खपतात ते मायक्रो-एटीएक्स बोर्डच, कारण किंमत कमी आणि कॅबिनेट लहान. दोनहून जास्त कार्डं लागणार असतील तर तिथे काटकसर करू नये, एटीएक्सच घ्यावा.

विजेबाबत एवढं लक्षात ठेवायचं की सोळा लेनचा ग्राफिक्स स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. पुढची गरज पॉवर सप्लायमधून वेगळ्या वायरने भागते. जुन्या बाजारात क्रिप्टो-मायनिंगच्या काळातले रायझर मिळतात, एका छोट्या स्लॉटमधून लांब केबलवर मोठं कार्ड चालवणारे. त्यातले काही साटाच्या वीजजोडणीवर चालतात. ती जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतच सोसू शकते, कार्डाने ७५ वॉट ओढले की प्लग वितळू शकतो. असे रायझर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत.

धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि धुळीला तर काळवेळ नसते. रिकाम्या स्लॉटच्या मागची पत्र्याची पट्टी काढून पुन्हा न लावणं ही आपल्याकडची फार जुनी सवय. त्या फटीतून धूळ आत येते आणि हवेचा ठरलेला प्रवाहही बिघडतो. पट्टी जपून ठेवावी आणि कार्ड काढलं की परत लावावी. यूपीएस आणि चांगलं अर्थिंग हे तर एकाही स्लॉटच्या आधीचं काम.

जुनी कार्डं, जुने बोर्ड

जिल्ह्याच्या गावांतला आणखी एक गट आहे, ज्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. दारं-चौकटींवर नक्षी कोरणारे सीएनसी राउटर, फ्लेक्स छापणारी जुनी यंत्रं. यांतल्या अनेकांची नियंत्रण कार्डं पांढऱ्या पीसीआय स्लॉटची असतात. यंत्र लाखो रुपयांचं आणि धडधाकट, पण त्याला जोडलेला पीसी मेला की सगळं ठप्प. इंटेलने २०११ ते २०१३ च्या दरम्यान आपल्या डेस्कटॉप चिपसेटमधून पीसीआय काढून टाकलं. त्यानंतरच्या काही बोर्डांवर पांढरा स्लॉट दिसतो तो मध्ये एक रूपांतर करणारी चिप बसवून दिलेला. साउंड कार्डासारखं साधं कार्ड अशा स्लॉटवर सहसा चालतं, पण मोटरला अचूक वेळी इशारा देणारं नियंत्रण कार्ड कधी चालतं, कधी चुकतं. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी पीसी चालू आहे तोवरच त्याच जातीचा एक जुना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमसह, मिळवून कपाटात ठेवावा, आणि हार्डडिस्कची एक पूर्ण प्रत काढून ठेवावी. उद्योगांसाठी बनणाऱ्या काही नव्या बोर्डांवर आजही पीसीआय मिळतं, पण किंमत जास्त आणि मागवायला वेळ लागतो. यंत्र बंद पडल्यावर तो वेळ हातात नसतो.

स्लॉट संपले तर

मोठ्या प्रयोगांत एका संगणकाचे स्लॉट पुरत नाहीत तेव्हा काय करतात, हे पाहण्यासारखं आहे. आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये आरसे स्थिर ठेवण्यासाठी शेकडो सिग्नल सतत मोजले जातात, एकेक सिग्नल सेकंदाला ६५,५३६ वेळा. ही मोजणारी कार्डं संगणकात बसवलेली नसतात. ती वेगळ्या पेटीत, नुसत्या स्लॉटांच्या पेटीत असतात आणि पीसीआय एक्सप्रेसचाच दुवा ऑप्टिकल फायबरवरून दूरच्या संगणकापर्यंत नेलेला असतो. त्यामुळे स्लॉटही वाढतात आणि पंख्यांची थरथर नाजूक उपकरणांपासून दूर राहते.

घरगुती पातळीवर याचंच लहान रूप म्हणजे थंडरबोल्ट किंवा यूएसबी-४ वर चालणारी बाहेरची पेटी. ती महाग पडते. एखादंच उपकरण जोडायचं असेल तर साध्या यूएसबीवर चालणारं घ्यावं. एका कॅमेऱ्याचं कॅप्चर, जादा लॅन, ध्वनिमुद्रण ही कामं यूएसबीवर आता उत्तम होतात. दुसऱ्या टोकाला ज्यांना खरंच चार-पाच मोठी कार्डं हवीत, म्हणजे महाविद्यालयात कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा उभारणारे, त्यांनी साध्या डेस्कटॉप बोर्डच्या नादी लागू नये. एएमडीच्या प्रोसेसरची थ्रेडरिपर प्रो ७००० मालिका पाचव्या पिढीच्या १२८ लेन देते, इंटेलचा झिऑन डब्ल्यू-३४०० ११२ लेन. खर्च मोठा आहे, पण चार ग्राफिक्स कार्डं घेऊन त्यांतली दोन उपाशी ठेवण्यापेक्षा कमीच.

दाखले काढणारं सेवा केंद्र, अभ्यासिका, शाळेची लॅब, घरचा अभ्यास यांना एक मोठा आणि एक छोटा स्लॉट असलेला साधा एच-६१० मायक्रो-एटीएक्स बोर्ड पुरतो. वाचलेले पैसे एसएसडी आणि यूपीएसवर घालावेत. फोटो-व्हिडिओचा धंदा करणाऱ्याने मात्र एटीएक्स आकाराचा, निदान दुसऱ्या स्लॉटला चार खऱ्या लेन असलेला बोर्ड घ्यावा. आज त्या स्लॉटमध्ये घालायला काही नसलं तरीही.

पैसे देण्याआधी एक काम प्रत्येकाने करावं. बोर्डचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून घ्यावं आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचं मॅन्युअल मोबाइलवर उतरवून घ्यावं. ते फुकट मिळतं. त्यात स्लॉटचं पान आणि असेल तर ब्लॉक डायग्राम शोधावा, प्रत्येक स्लॉटसमोर लेन, पिढी आणि उगम लिहून काढावा, आणि खाली दिलेली बारीक टीप दुकानदाराला वाचून दाखवावी. ज्या बोर्डचं मॅन्युअल मिळत नाही, तो घेऊ नये.